झटका मशीन आणि तांब्याची रिंग

हेडफोन कानाला लावला आणि लगेच कळलं, दोष रेडिओत नाही.

टक्. टक्. टक्. सारख्या अंतराने, घड्याळाच्या जरा मागे रेंगाळत. त्या टकटकीच्या खूप खाली कोणीतरी मोर्स पाठवत होतं. मोर्स म्हणजे आखूड आणि लांब आवाजांची भाषा. आखूड तो डिट, लांब तो डा. पण इथे प्रत्येक टक् एक खोटा डिट बनून मध्ये घुसत होता, आणि अक्षरांचा पार चिवडा होत होता.

"तुमी आधी सेट उघडा, म्याडम," मेजर म्हणाले. "आतला एखादा कंडेन्सर गेला आसंल."

"सेटला मी हात लावणार नाही. सेट चांगला आहे."

"न उघडताच?"

"न उघडताच."

त्यांचा चेहरा पडला. इंजेक्शन दिलं नाही तर आमच्याकडे पेशंटला बरं वाटत नाही, तसंच न उघडलेल्या रेडिओचं.

मी बिनतारी संदेशाच्या कामात सगळी नोकरी काढली. निवृत्तीनंतर बीडला राहते आणि ओळखीतून कोणी बोलावलं तर जाते. मेजरांचं शेत नेकनूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत. खरं तर ते हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. नाव भानुदास. फौजेत सिग्नलमध्ये होते, त्यामुळे मोर्स हातात बसलेलं. पुढे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. म्हणजे आपल्या घरून, आपल्या सेटवरून शॉर्टवेव्हवर बोलायची सरकारी परवानगी. माझ्याकडेही ते आहे.

पलीकडे मोर्स पाठवणारा माणूस होता शब्बीर. याच गावचा. दोघं एकदमच भरती झाले, एकदमच सुटले. शब्बीरभाई नंतर सासरवाडीला, हैदराबादला राहिले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला दोघं शॉर्टवेव्हच्या बँडवर भेटायचे.

"मग फोन का नाही करत?" मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. निम्म्या लोकांचं काम तिथेच संपतं.

"शब्बीरच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला त्याचा."

"व्हॉट्सॲप?"

"पाठवतो की. रोज सकाळी फुलं पाठवतो. त्यात शब्बीर कुठं हाय?"

मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो. कोणी घाईने दाबतो, कोणी अडखळतो. शब्बीरभाईंचा डा जरा ओढलेला होता, गाणाऱ्याने शेवटचा सूर सोडू नये तसा. एवढ्या गोंधळातही मला तो कळला. ज्याने तो जन्मभर ऐकलाय त्याला काय वाटत असेल, ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

"आनी येळ कमी हाय," मेजर म्हणाले. "दिवाळी झाली की त्याची पोरगी त्याला फ्लॅटमदी नेनार. सातवा मजला. तितं अँटेनाची वायर टाकायला जागा न्हाई. मंजी दिवाळीपतूरचे रविवार."

गणपती नुकतेच उठले होते.

मी माझ्या नेहमीच्या क्रमाने निघाले. आधी घराचा मेन स्विच बंद. सेट बॅटरीवर. घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर ही सगळी मंडळी शॉर्टवेव्हवर कुरकुर करतात. मेन बंद केल्यावर एक बारीक खरखर गेली. टकटक होती तिथेच. म्हणजे पाहुणा बाहेरचा. मग हातातला छोटा रेडिओ घेऊन अंगणातून चालत निघाले. गोठ्याकडे आवाज कमी, बांधाकडे जास्त. बांधापलीकडे सोयाबीन उभं होतं, त्याच्या चारही बाजूंनी खांब आणि खांबांवर तार. कोपऱ्यात एक सोलर पॅनल आणि त्याखाली डबा.

झटका मशीन. रानडुकरं आणि हरणं यांच्यासाठी लावतात. दर सेकंदाला एकदा तारेत जोराचा झटका सोडते. जनावर मरत नाही, पण परत येत नाही. मशीन चांगली असते. पण तारेला गवत टेकलं किंवा खांबावरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकला, की दर झटक्याला तिथे बारीक ठिणगी पडते. ती ठिणगी रेडिओला ऐकू जाते, आणि एवढ्या लांब तारेवरून पसरते.

"मशीन कुणाची?"

मेजर गोठ्याकडे बघायला लागले. "आसंल कुनाची तरी."

मागून त्यांच्या मंडळींचा आवाज आला. "कुनाची काय कुनाची! धाकल्या दिराची हाय, रंगनाथ भावजींची. सांगा की म्याडमला."

मग कळलं ते असं. विहीर दोघा भावांत एक. पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात एक या पंगतीला, तर दुसरा त्या. भावकी म्हटलं की एवढं आलंच.

मी म्हणाले, "इलाज सोपा आहे. रविवारी तासभर मशीन बंद ठेवायला सांगा."

"मेलो तरी न्हाई."

"शब्बीरभाईंसाठी?"

त्यांनी वर, अँटेनाची वायर बांधलेल्या पोलकडे बघितलं. मला वाटलं, विरघळले. पण फौजी माणूस. "दुसरा इलाज सांगा," म्हणाले. "पोल आजून धा फूट वर नेऊ का?"

"नका."

"कावून?"

"वर नेलात तर झटकापण दहा फूट जास्त ऐकू येईल."

लांब वायरचा अँटेना सगळं गोळा करतो. त्याला आपलं-परकं कळत नाही. आम्हाला निवडणारा अँटेना हवा होता, आणि तो म्हणजे लूप. एसीच्या कामात वापरतात ती तांब्याची नळी घेतली, तिची हातभर रुंद रिंग वाकवली. तोंडं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला जोडली. हा कंडेन्सर फिरवला की रिंग हव्या त्या स्टेशनला जुळते. आत एक छोटी रिंग, तिच्यातून वायर सेटला. सगळं पीव्हीसी पाइपावर उभं केलं आणि पाइप कूलरच्या जुन्या स्टँडमध्ये बसवला, म्हणजे हाताने गोल फिरवता येईल. ऐकायचं रिंगवर. पाठवायचं मात्र जुन्या वायरवरच.

"एवढंसं?" मेजर म्हणाले. "ह्ये तर घागरीखालच्या चुंबळीवानी दिसायलंय."

पुढच्या रविवारी आठच्या सुमारास रिंग अंगणात ठेवली, घरापासून दूर, आणि हेडफोनची वायर लांबवून तिथपर्यंत आणली. मेजरांनी ती फिरवली आणि एका जागी थांबून खूश झाले. "आता दणकून यायलंय!"

"येतंय. पण काय येतंय?"

टकटकच दणकून येत होती. ही चूक सगळे करतात. डिश टीव्हीने सवय लावली आहे, तोंड फिरवायचं आणि जास्तीत जास्त आवाज शोधायचा. लूपचं उलटं आहे. रिंगच्या कडेच्या दिशेला तिला चांगलं ऐकू येतं. रिंगच्या भोकातून समोर जे दिसतं, तिकडचं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून लूप ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे रोखायची नाही. ज्याचं ऐकायचं नाही त्याच्यावर रोखायची.

"मग शब्बीर बी जाईल की," मेजर म्हणाले. शंका रास्त होती.

"नाही जाणार. झटका जमिनीवरून येतोय, आडवा. शब्बीरभाईंचा सिग्नल वर आभाळात जाऊन, तिथून वाकून खाली येतो. भोकासमोरचा अडतो, वरून येणारा अडत नाही."

मग त्यांना पद्धत घालून दिली. आधी रिंग फिरवून टकटक मोठ्यात मोठी करायची, म्हणजे दिशा कळते. मग काटकोनात वळवायची. शेवटचं बोटभर अगदी हळू. त्यांनी तसं केलं. टकटक बारीक होत गेली आणि एका जागी जणू खाली बसली. उरली ती हलकी खरखर, आणि तिच्यात ओढलेले डा घेऊन शब्बीरभाई स्पष्ट. मेजर कागद-पेन विसरून नुसते ऐकत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. शेवटी शब्बीरभाईंनी दोन डिट दिले. हौशी लोकांत निरोपाची ही रीत आहे, एकाने दोन डिट द्यायचे आणि दुसऱ्याने दोन परत.

"कवाधरनं शब्बीर निरोप कवा घेतो तेच कळत नव्हतं," मेजर म्हणाले. "समदेच डिट वाटायचे."

मी रिंगच्या मागे उभी राहून भोकातून बघितलं. बरोब्बर मधोमध रंगनाथरावांचं वावर होतं, त्यांची झोपडी आणि मशीनचा डबा. ज्या भावाकडे इतकी वर्षं पाठ केली, त्याच्याकडे दर रविवारी मेजरांना नेम धरून बघावं लागणार होतं. मी रिंगचे जोड आवळले. कामाशी काम.

पितृपक्षात मेजरांचा फोन आला. "म्याडम, रविवारी या. त्यो येनार हाय."

"कोण तो?"

"त्योच."

गेले. आठला थोडा वेळ होता. रंगनाथराव बांध ओलांडून आले ते थेट रिंगपाशी. मेजरांपेक्षा बारीक, एका गुडघ्यात लंगडत. भावाकडे त्यांनी बघितलं नाही. सगळं माझ्याशीच.

"म्याडम, ह्ये तुमचं तांब्याचं कडं माझ्या मशीनचा करंट वढायलंय."

"काय?"

"ह्ये हितं आल्यापून माझा झटका बसंना गेलाय. परवा डुकरं आत घुसली. तारंला लागून घुसली! सोयाबीनीची पार नासाडी केली. आनी ह्येचं तोंड बगा कुनाकडं हाय."

मेजर आभाळाकडे बघून म्हणाले, "त्येन्ला सांगा म्याडम, कुनाचं वढायची आमच्या घरान्याची रीत न्हाई."

"त्येन्ला सांगा, विहिरीच्या टायमाला कुटं गेलती रीत?"

दोघांच्या मध्ये मी, टेलिफोन एक्स्चेंजसारखी. मी आवाज चढवला. "विहीर माझ्या कामात येत नाही. रंगनाथराव, तुमच्या तारेला गवत टेकलंय. झटका तिथे जमिनीत गळतो, म्हणून पुढे डुकराला बसत नाही. ती गळतीच आम्हाला ऐकू येते. ही रिंग काही ओढत नाही, नुसती ऐकते."

"कशावरून?"

मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि रिंग फिरवली. ते दचकले. "ह्ये तर माजीच मशीन!"

"तुमचीच. आता बघा." रिंग काटकोनात आणली. टकटक बुडाली. नेमक्या त्याच वेळी शब्बीरभाई बँडवर आले आणि त्यांनी मेजरांना हाक द्यायला सुरुवात केली.

"आनी ह्ये काय वाजतंय? पाखरावानी?"

मी मेजरांकडे बघितलं. त्यांनी मान वळवली, म्हणून मीच सांगितलं. "शब्बीरभाई. हैदराबादहून."

"आपला शब्बीर?" रंगनाथरावांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. "आसं काऊन बोलतोय त्यो?"

"गळ्याचं ऑपरेशन झालंय. आवाज गेला. आता एवढंच. आणि दिवाळीनंतर तेही नाही."

ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांना मोर्समधलं एक अक्षर येत नव्हतं. मग हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "त्यो हाळी द्यायचा तर दोन वावरं पलीकडं ऐकू जायची," म्हणाले. "आमी तिगं बी गुरं राखायला जायचो ना, तवा." हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक. आमच्याकडे फोनच्या आधी तेच चालायचं.

निघताना मला विचारलं, "करंट वढत न्हाई म्हंता?"

"नाही."

"बरं." आणि बांध ओलांडून गेले. भावाशी एक शब्द नाही.

माझ्या हिशेबाने केस इथे बंद झाली. दिवाळीच्या तोंडावर परत फोन. मेजरांचा आवाज त्रासलेला.

"म्याडम, तुमची रिंग बिगडली."

"काय होतंय?"

"काईच व्हईना. कुटंबी फिरवा, सारकंच. तुमी सांगितल्यावानी आदी मोटा आवाज हुडकतो, तर मोटा आवाजच न्हाई."

"शब्बीरभाई ऐकू येतात ना?"

"येतात. लई साफ येतात. पन रिंग बिगडली."

असला कस्टमर मला नोकरीत कधी भेटला नव्हता. नॉइज येत नाही म्हणून तक्रार! मी मधल्या वारी गेले. जोड तपासले, गँग तपासला, रिंग फिरवली. टकटक होती. आधीपेक्षा मऊ होती. बांधापलीकडचं गवत कापलेलं दिसत होतं, पण कुठेतरी एखादा इन्सुलेटर अजून गळत असणार. रिंग काटकोनात आणली, टकटक बुडाली. सगळं जसं पाहिजे तसं.

"चांगली आहे की."

"रविवारी या," मेजर हट्टाने म्हणाले. "रविवारी बिगडती."

रविवारी बिघडणारं यंत्र मी ऐकलेलं नव्हतं. तरी गेले. दिवाळी आठवड्यावर आली होती. म्हणजे शब्बीरभाईंचा हा रविवार आणि फार तर पुढचा. आठ वाजता हेडफोन लावला, रिंग पूर्ण एक वेढा फिरवली. मेजर खरं बोलत होते. कुठेही टकटक नाही. शब्बीरभाईंनी हाक दिली, ती शेजारच्या खोलीतून आल्यासारखी आली. हेडफोन मी मेजरांना दिला, त्यांनी आत बसून उत्तर दिलं आणि दोघांचं सुरू झालं.

मी परत रिंगपाशी गेले आणि जोड बघायला वाकले. वाकल्यावर सवयीने भोकातून समोर बघितलं.

सोयाबीन निघून तिथे हरभरा पेरलेला होता, नुकता उगवलेला. कडेला हरणांचा कळप. आणि वावराच्या मधोमध रंगनाथराव, एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात काठी. या टोकाची हरणं हाकलून येईपर्यंत त्या टोकाने आत शिरत होती. ते लंगडत तिकडे पळत होते. मशीन असताना माणूस असा पळत नाही.

मी आत येऊन मेजरांना म्हणाले, "रिंग बिघडलेली नाही. झटका बंद आहे. तुमच्या रविवारच्या टायमाला ते मशीन बंद करतात आणि स्वतः राखण करतात."

मेजरांचा हात किल्लीवर थांबला. मोर्स ज्या दांडीने पाठवतात तिला किल्ली म्हणतात. ते उठले, रिंगपाशी गेले आणि भोकातून बघत उभे राहिले. त्या जागेची त्यांना आता इतकी सवय होती की नेम धरावा लागला नाही.

"त्याचा गुडगा चांगला न्हाई," एवढंच म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, माहीत नाही. पण पहिल्यांदाच ते 'त्येन्ला सांगा' म्हणाले नाहीत.

परत येऊन बसले, हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवून. शब्बीरभाई मध्येच थांबलेलं उत्तर विचारत होते. मेजरांनी पाठवलं, सावकाश, एकेक अक्षर. मोर्स मलाही येतं. इंग्रजीत पाठवलं, मराठीत त्याचा अर्थ एवढाच: रंगा वावरात एकटा, हरणं आलीत.

उरलेल्या रविवारांपैकी हा एक होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग पलीकडून दोन अक्षरं आली. डा डा डिट. डा डा डा. जी, ओ. जा. शेवटचा डा नेहमीसारखाच ओढलेला. त्यामागे दोन डिट.

परत दोन डिट द्यायला मेजर थांबले नाहीत. हेडफोन टेबलावर, काठी हातात, आणि पायात चपला घालायचं भान नाही. बांधावर पोचल्यावर त्यांनी हाळी दिली ती मला आत ऐकू आली.

"रंग्याऽऽ! तू वरल्या कडंनं घे! हिकडलं मी बगतो!"

शब्बीरभाई वाट बघत असणार. त्यांचे दोन डिट मी परत दिले. त्यांनी हात ओळखला असेल, वेगळा आहे म्हणून.

त्या दिवशी बँड इतका साफ होता की मी थोडा वेळ नुसतीच ऐकत बसले. लूप अँटेनाबद्दल लोक मला अजूनही विचारतात, की याने नॉइज बंद होतो का. मी खरं ते सांगते. लूपने नॉइज कमी होतो. बंद, ज्याचा असतो त्यालाच करावा लागतो.